शनिवार पाळणारे तेली

आपल्या छत्रपती संभाजीनगरात वार पाळणारी माणसे पुष्कळ आहेत. सोमवार आला की खडकेश्वराला बेल वाहायला गर्दी होते. शुक्रवारी दुपारी शहागंजच्या मशिदीत नमाजाला माणसे दाटीने उभी राहतात. रविवारी सकाळी ख्रिस्ती मंडळी चर्चला निघतात. गुरुवारचा उपास, चतुर्थीचा उपास, हे तर घरोघर चालते. शनिवारी आपण मारुतीला तेल वाहतो.

पण शनिवारी तेलाचा घाणाच बंद ठेवणारे लोक तुम्ही कधी ऐकले आहेत काय? असे लोक आपल्याच महाराष्ट्रात होते. आजही त्यांचे वंशज आहेत. कोकणात त्यांना सारे जण 'शनिवार तेली' म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते 'सोमवार तेली'. हे शनिवारवाले, म्हणून 'शनिवार तेली'. नाव साधे आहे. पण या नावामागे मोठी कथा आहे. ती आज आपण वाचू.

हे लोक धर्माने यहुदी. ते स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवतात. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाची लेकरे. त्यांची मायबोली मराठी. बायका लुगडे नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत. आडनावे गावांवरून पडलेली: किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चेऊलचे चेऊलकर. रस्त्याने जाताना कुणी ओळखायचे नाही की हे वेगळ्या धर्माचे आहेत. ओळख पटे ती शनिवारी.

ते कोकणात आले कसे? त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या एक हकिगत सांगतात. फार जुन्या काळी, दोन हजार वर्षांच्याही आधी, त्यांचे पूर्वज गलबतात बसून आपला देश सोडून निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली बाकीची प्रेते त्यांनी नवगावलाच पुरली. पुरुषांची एक जागा, बायकांची एक जागा. त्या जागा आजही दाखवतात. तिथे स्मारक आहे. गलबताबरोबर त्यांच्या धर्माच्या पोथ्याही बुडाल्या, असे सांगतात.

आता विचार करा. चौदा माणसे. परका मुलुख, परकी भाषा. पोथी नाही, देऊळ नाही, शिकवणारा गुरू नाही. पोटासाठी त्यांनी घाणे घातले, तीळ आणि नारळ यांचे तेल गाळू लागले. शेजाऱ्यांची भाषा बोलू लागले. हळूहळू आपली मूळची हिब्रू भाषा ते विसरून गेले. मग धर्म कसा राहिला?

चार-पाच गोष्टी राहिल्या, एवढेच. शनिवारी काम करायचे नाही. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता करायची. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच मासा खायचा. आणि 'शेमा' नावाची एक लहानशी प्रार्थना. देव एकच आहे, असे सांगणारे ते एक वाक्य. जन्माला, लग्नाला, मरणाला, सणाला तेच एक वाक्य म्हणायचे. त्याच्यापुढे दुसरी प्रार्थना त्यांना येत नव्हती. शिवाय काही सण.

शनिवारचे काय ते आधी नीट समजून घेऊ. यहुदी लोकांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. म्हणून शुक्रवारी दिवेलागणीला त्यांचा शब्बाथ लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसू लागल्या की सुटतो. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस. देवाने सहा दिवसांत जग घडवले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा, अशी त्यांची श्रद्धा. पण नियम एवढ्यावर थांबत नाही. मालकाने विसावा घ्यायचा तसा त्याच्या गड्याने घ्यायचा, मोलकरणीने घ्यायचा आणि बैलानेही घ्यायचा, असे त्यांच्या धर्माज्ञेत स्पष्ट सांगितले आहे.

घाण्याचा बैल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? डोळ्यांना झापड, आणि दिवसभर गोल गोल फिरणे. ज्याच्या कामाला अंत नाही त्याला आपण 'घाण्याचा बैल' म्हणतो. मराठवाड्यात पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. त्याला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी भरवतो. वर्षातला एक दिवस त्याचा. शनिवार तेल्यांच्या दारचा बैल दर आठवड्याला एक दिवस मोकळा उभा असे. त्या दिवशी गिऱ्हाईक आले तर परत जाई. सात दिवसांतला एक दिवस मिळकत बंद, हे हातावर पोट असलेल्या तेल्याला सोपे नव्हे. शेजारचा सोमवार तेली त्या दिवशी तेल विकत होता. तरी यांनी घाणा चालू केला नाही. कशासाठी, असे त्यांना कुणी विचारले असते तर बहुतेकांनी एवढेच सांगितले असते, "वाडवडील पाळत आले, आम्ही पाळतो."

इथेच आमचा प्रश्न आहे. अर्थ नीट माहीत नसताना पाळलेला सण खरा की खोटा? आणि उलट, अर्थ सगळा पाठ आहे पण मन दुसरीकडे आहे, तर तो सण पाळला असे म्हणायचे काय? हा प्रश्न एकट्या यहुद्यांचा नाही. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण आपण उगाच केलेली नाही.

आधी त्या विसरलेल्या सणांकडे पाहू. बेने इस्राएलांनी आपल्या सणांची हिब्रू नावे टाकली आणि मराठी नावे ठेवली. ही नावे ऐकायला मोठी गोड आहेत. वर्षाचा पहिला दिवस तो 'नव्याचा सण'. त्या दिवशी गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, नारळाचे दूध घालून. त्याच्यामागून चौथ्या दिवशी 'खिरीचा सण', नव्या धान्याची खीर, ऊद जाळायचा आणि शेमा म्हणायचा. होळीच्या सुमारास येतो म्हणून पुरीम या सणाला म्हणत 'होळीचा सण', आणि करत पुरणपोळ्या. एका दिवशी सोललेल्या वालांचे बिरडे खात, तो 'बिरड्याचा सण'. वल्हांडणाला म्हणत 'अनाशी ढाकण्याचा सण', म्हणजे आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवायचा सण. पापक्षालनाच्या दिवसाला नाव होते 'दारफाळणीचा सण', म्हणजे दार लावून घेण्याचा सण. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. नव्या वर्षाच्या आधीच्या महिन्यात उपास करत, त्याला चक्क 'रमजान' म्हणत. धर्मकृत्ये करणाऱ्याला म्हणत 'काजी'. शेजारी जे शब्द होते ते त्यांनी घेतले.

नावांत बघा, सणाचे कारण कुठेही नाही. खीर आहे, बिरडे आहे, झाकण आहे, दार आहे. हात काय करतात ते राहिले. मनाने कशासाठी करायचे, ते गळून गेले.

पण गंमत अशी की हातांनी जे राखले ते पुष्कळसे बरोबर होते. बिरड्याचाच सण घ्या. हा दिवस यहुद्यांच्या आव महिन्याच्या नवमीला येतो. यरुशलेममधले त्यांचे मोठे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले, दुसऱ्यांदा इसवी सन 70 मध्ये रोमन फौजेने जाळले. त्या दोन्ही दुःखांचा हा दिवस. जगभरचे यहुदी त्या दिवशी उपास करतात, जमिनीवर बसतात, आणि आधीचे काही दिवस मांस खात नाहीत. कोकणातल्या तेल्यांना मंदिर आठवत नव्हते, रोमन ठाऊक नव्हते. तरी तेही आधीचे दिवस मांस वर्ज्य करत आणि मग कडधान्याचे जेवण जेवत. यहुद्यांत सुतकाच्या घरी कडधान्य खायची जुनी चाल आहे. म्हणजे सुतक त्यांनी पाळले. कुणाचे, ते विसरले.

त्यांचे सण आपल्या सणांच्या जवळ येतात तेही उगाच नाही. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात आणि त्यांनाही अधिक महिना धरावा लागतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून नव्याचा सण पुष्कळदा घटस्थापनेच्या आसपास, मांडवांचा सण कोजागिरीच्या सुमारास, पुरीम होळीशेजारी, वल्हांडण चैत्री पौर्णिमेशेजारी. एखाद्या वर्षी अधिक महिन्याच्या हिशेबाने महिनाभर मागेपुढे होते, एवढेच.

मग अर्थ परत आला कसा? त्यांच्यातली दुसरी हकिगत दावीद रहाबी या माणसाची आहे. तो परगावचा यहुदी. कुणी म्हणतात तो हजार वर्षांपूर्वी आला, कुणी म्हणतात तो अठराव्या शतकातला, कोचीचा. शनिवार पाळणारे हे तेली आपल्यातलेच असावेत, असा त्याला संशय आला. परीक्षा पाहावी म्हणून त्याने त्यांच्या बायकांना निरनिराळे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तिघांना शिकवून तयार केले, तेच पहिले काजी. ही परीक्षा वाचनाची नव्हती, पाठांतराची नव्हती. चुलीपाशी बसलेल्या बाईने ती दिली. या कथेतले आम्हांला सगळ्यात जास्त आवडते ते हे.

नंतर मुंबईत बेने इस्राएल लोक फौजेत आणि नोकऱ्यांत शिरले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या फौजेतल्या अधिकाऱ्याने 1796 साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे दार. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात, पण आपल्या लोकांनी मशीद शब्द वापरला. मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव याच मशिदीवरून पडले, असे सांगतात. अलिबागला इस्राएल आळीत 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग 1848 साली झाले आणि 1910 साली नव्याने बांधले गेले.

कोचीहून शिक्षक आले, त्यांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या. जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू यांना ख्रिस्ती करावे असा होता. यांनी अक्षरे घेतली, व्याकरण घेतले, मराठीतले जुने करार वाचले, आणि आपला धर्म जास्तच घट्ट धरला! ख्रिस्ती झाले ते थोडेच. हाईम सॅम्युएल किहीमकर या गृहस्थांनी 1875 साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे समाजाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. बेने इस्राएलांनी कीर्तनेसुद्धा केली. आपल्यासारखीच, पूर्वरंग, आख्यान, सारे काही. पण आख्यान अब्राहामाचे, मोशेचे, योसेफाचे. पैठणच्या नाथषष्ठीला कीर्तन ऐकलेल्या माणसाला ते ऐकून परके वाटले नसते.

वाचता येऊ लागले, तशा त्या झाकलेल्या भांड्याचा अर्थ कळला. वल्हांडण म्हणजे सुटकेचा सण. यहुद्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते. मोशेने त्यांना बाहेर काढले. निघताना एवढी घाई झाली की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून त्या आठवड्यात आंबवलेले, फुगवलेले काही खायचे नाही, घरातही ठेवायचे नाही. सणाआधी घर झाडून पुसून काढतात, भांड्यांना कल्हई करतात, नवी चुना-सफेदी करतात. बेखमीर भाकरी भाजायची तर पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून झाली पाहिजे. तेलिणी आंबट कालवणाचे भांडे झाकत होत्या, ते यासाठी. कारण गेले होते, आंबट नको एवढे राहिले होते.

सणाच्या रात्री सारे घर जेवायला बसते आणि एक पोथी वाचतात. तिला हग्गादा म्हणतात. घरातले सगळ्यांत लहान मूल प्रश्न विचारते: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठ्यांनी सुटकेची गोष्ट सांगायची. आणि नियम असा की, प्रत्येकाने ही गोष्ट ऐकताना 'मी स्वतः मिसरातून बाहेर पडलो' असे समजायचे. माझा पणजोबा नव्हे, मी. आता हे मुलाला न कळणाऱ्या भाषेत सांगून काय उपयोग? म्हणून हग्गादा मराठीत झाली. 1846 साली मुंबईत एक छापली गेली. 1874 साली पुण्यात दुसरी छापली, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. तिच्यात चित्रे आहेत. बेखमीर भाकरी करायला बसलेल्या बायका चित्रात लुगडी नेसून बसल्या आहेत! चित्र काढणाऱ्याला आपल्याच घरचे स्वयंपाकघर दिसले. 'मी स्वतः बाहेर पडलो' हे याहून चांगले कसे दाखवणार?

मन लावून पाळणे, याला यहुद्यांत एक शब्द आहे, 'कव्वाना'. मन एका दिशेला लावणे, नेम धरणे, असा त्याचा भाव आहे. मिश्ना नावाचा त्यांचा जुना धर्मग्रंथ आहे, इसवी सन 200 च्या सुमारास एकत्र केलेला. त्यात एक सोपे उदाहरण आहे. नव्याच्या सणाला सिनेगॉगमध्ये मेंढ्याचे शिंग फुंकतात. ते ऐकणे हा त्या दिवसाचा धर्म. आता एक माणूस सिनेगॉगच्या मागच्या रस्त्याने चालला आहे. शिंगाचा आवाज त्याच्या कानी पडला. त्याने धर्म पाळला काय? ग्रंथ सांगतो: त्याने मन तिकडे लावले असेल तर पाळला, लावले नसेल तर नाही. दोघे जण एकाच रस्त्याने गेले, दोघांनी एकच आवाज ऐकला, एकाने पाळला, एकाने नाही!

हे वाचून कुणी म्हणेल, "मग मन लागेपर्यंत थांबावं. उगाच कशाला करायचं?" त्यालाही त्यांच्या पंडितांनी उत्तर दिले आहे. ते म्हणतात, निखळ हेतू नसला तरी कर. दुसऱ्या कारणाने करता करता खऱ्या कारणाने करू लागशील. हे आम्हांला अगदी पटते. आपल्या साक्षरतेच्या वर्गाला कुणी येतो तो बसवरची पाटी वाचता यावी म्हणून. कुणी येते ती अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून. कुणी शेजारीण गेली म्हणून येते. पुढे सहा महिन्यांनी तीच बाई रात्री दिवा मोठा करून गोष्ट वाचत बसते. तिचा पहिला हेतू लहान होता म्हणून तिचे वाचणे खोटे ठरत नाही.

म्हणजे शनिवार तेल्यांना आपण काय म्हणावे? त्यांना अर्थ ठाऊक नव्हता, पण हेतू नव्हता असे नाही. आपण कोण आहोत हे विसरायचे नाही, हा हेतू होताच. अर्थ पोथीबरोबर बुडाला, हेतू बुडाला नाही. नुसती सवय असती तर मिळकत बुडवणारी सवय इतक्या पिढ्या टिकती ना! आमचे मत विचाराल तर, बाजारचा दिवस सोडून देणारा तो अडाणी तेली, शिंगाचा आवाज ऐकून भलतेच मनात घोळवणाऱ्या पंडिताच्या पुष्कळ पुढे होता.

आता दारफाळणीच्या सणाविषयी. यहुद्यांचा हा वर्षातला सर्वांत पवित्र दिवस, योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. नव्याच्या सणापासून दहावा. या संध्याकाळपासून त्या रात्रीपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्न नाही, पाणी नाही. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा रोजा आपण पाहतो, तो पहाटेपासून मावळतीपर्यंत. हा रात्र धरून. कोकणात बेने इस्राएल त्या दिवशी पांढरे कपडे घालत, दार लावून घरात बसत, परक्याशी बोलणे नाही, देणेघेणे नाही. पुढे सिनेगॉगे झाल्यावर दिवसभर तिथे बसू लागले.

एवढा कडक उपास केला म्हणजे पापे धुतली गेली, असे कुणालाही वाटेल. पण मिश्ना तसे म्हणत नाही. देवाच्या बाबतीत केलेली चूक या दिवसाने धुतली जाते. माणसाच्या बाबतीत केलेली चूक मात्र तो माणूस समजूत पावेपर्यंत धुतली जात नाही. शेजाऱ्याचे पैसे बुडवले, भावाला अपशब्द बोलला, तर आधी त्याच्या घरी जा. चूक कबूल कर, पैसे परत दे, क्षमा माग. त्याने ऐकले नाही तर पुन्हा जा. तीनदा जा. आणि तो माणूस मरून गेला असेल तर? तर दहा माणसे बरोबर घे, त्याच्या कबरीपाशी उभा राहा आणि सर्वांदेखत चूक सांग. 'आता पाप करतो, मग प्रायश्चित्ताला धुऊन टाकतो' असा हिशेब करणाऱ्याला तर तो दिवस काहीच देत नाही, असेही लिहिले आहे. असले हिशेब सगळ्याच धर्मांत लोक करतात, आम्ही पाहिले आहेत.

त्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये यशया संदेष्ट्याचे एक प्रकरण वाचतात. ते प्रकरण उपास करणाऱ्यांवरच रागावलेले आहे. उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, मजुरांना राबवून घेता, आणि वर देवाला म्हणता आमच्याकडे पाहा. खरा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, असा त्याचा आशय आहे. उपाशी माणसांना उपासाच्या दिवशीच हे ऐकवायचे, ही मोठी धीट योजना म्हणायची. दुपारी योना संदेष्ट्याची गोष्ट वाचतात. निनवे नावाचे शहर फार पापी झाले होते. ते बुडणार, असे योनाने सांगितले. लोकांनी गोणपाट नेसले, उपास केला, आणि वाईट चाल सोडली. शहर वाचले. या गोष्टीवर जुने पंडित बोट ठेवून सांगत: देवाने त्यांचे गोणपाट पाहिले, त्यांचा उपास पाहिला, असे तिथे लिहिलेले नाही. त्यांची कृती पाहिली, असे लिहिले आहे.

रात्र पडली की शेवटचे शिंग वाजते. मग दुसरा दिवस, शिळा सण. त्या दिवशी दार उघडायचे, दानधर्म करायचा, एकमेकांच्या घरी जायचे. हे कोकणातल्या माणसांनी आपले आपण ठरवले होते. कोणत्याही पोथीत शिळा सण नाही.

पुढची गोष्ट थोडी कडू आहे. 1948 साली इस्राएल देश स्थापन झाला. बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. इतकी वर्षे शनिवार पाळला, ज्या देशाची आठवण काढली, तिथे आता जायचे, या आनंदाने गेले. पण 1960 नंतर तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली. हे इतकी शतके एकटे राहिले, लग्ने-काडीमोड यांनी शास्त्राप्रमाणे केले कशावरून? यांचे लग्न लावायचे तर आईच्या बाजूची पिढी जितकी मागे जाता येईल तितकी तपासा, असे 1962 साली लेखी ठरले. ज्यांच्याजवळ कागद कधीच नव्हता त्यांच्याकडे कागद मागितला. अलिबाग, पेण, रोहे इथून गेलेल्या माणसांनी 1964 साली यरुशलेममध्ये धरणे धरले. देशाच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. धर्मपीठानेही त्या नियमातून त्यांचे नाव काढले. आमच्या मते रहाबीची माशांची परीक्षा जास्त शहाणपणाची होती.

आज भारतात हा समाज फार लहान उरला आहे. 2011 च्या शिरगणतीत साऱ्या देशात पाच हजारांहूनही कमी यहुदी भरले. महाराष्ट्र सरकारने 2016 साली त्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. मुंबई, ठाणे, पुणे इथे सिनेगॉगे चालू आहेत. पण यहुद्यांचा नियम असा की पूर्ण प्रार्थनेला आणि धर्मपोथी उघडून वाचायला निदान दहा प्रौढ पुरुष हवेत. कोकणातल्या गावी आता दहा जण जमणे अवघड झाले आहे. मग सणाला मुंबईहून माणसे येतात. कधी इस्राएलहून पाहुणे येतात, तेरा वर्षांची मुंज म्हणावी असा मुलाचा विधी आजोबांच्या गावी करावा म्हणून.

आलेली माणसे बहुधा खंडाळ्याला जातात. हा घाटातला खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे खेडे. तिथे एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू नावाचा संदेष्टा, ज्याला हे लोक 'एलियाहू हन्नबी' म्हणतात, तो तिथे येऊन गेला आणि त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या या खुणा, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडायला तिथे मलिदा करतात. लग्नाआधी, नव्या घरात जाताना, आजारातून उठल्यावर घरीही करतात. आपल्याकडच्या उरुसात मलिदा गव्हाचा असतो, यांचा पोह्यांचा. पातळ पोहे भिजवून त्यात खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, बदाम-मनुका घालायच्या. ताटात पोह्यांचा ढीग, भोवती पाच तऱ्हेची फळे. प्रत्येक जिन्नसावर वेगळा आशीर्वाद म्हणायचा, मग गाणे म्हणायचे आणि सगळ्यांना वाटायचे. जगातल्या दुसऱ्या कुठल्या यहुद्यांत ही चाल नाही. ती कोकणातच जन्मली, आणि आता इस्राएलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद या गावांतही होते. तिकडेही भारतातून गेलेले पोहे दुकानात मिळतात. पोहे मात्र पाण्यात फार वेळ ठेवू नयेत, लगदा होतो. हे सांगायला अलिबागचेच कुणी लागते असे नाही.